टरफलांची पट्टी

वर्सोव्याच्या बंदरावर चंपामावशी दिवसभर उन्हात बसून कोळंबी सोलायची आणि टरफलांची गोणी एका प्रयोगशाळेची गाडी येऊन फुकटात उचलून न्यायची. एकदा त्या प्रयोगशाळेचे डॉक्टर हर्षद स्वतःच नाकाला रुमाल लावून अवतरले. "मावशी, तुमच्या या टरफलांपासून आम्ही जखमेवर लावायची पट्टी बनवलीय. आत जंतू शिरत नाहीत की ऊन लागत नाही!"

चंपाने कोळंबीच्या काट्यांनी चिघळलेली बोटं पुढे केली. "मग लावा की! पंधरा दिवस ठणकतायत."

डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. "अजून चाचणी चालू आहे हो. फॉर्म भरा, बघू."

चंपाने फॉर्म भरून जखमेचा नमुनाही दिला. आठवड्याने फोनवर उत्तर आलं. सून श्रुतिकाने ते मोठ्याने वाचलं, "जखमेत जंतू आढळले. काम उन्हातलं. चाचणीसाठी अपात्र."

चंपा फिस्सकन हसली.



दुसऱ्या दिवशी गाडी आली, तेव्हा ती गोणीवरच ठाण मांडून बसली होती. ड्रायव्हरला म्हणाली, "तुझ्या साहेबांना सांग, टरफलांतही जंतू आढळले. तीसुद्धा उन्हातलीच. अपात्र!"