राजाचा पेला

"यम्मा, पेला कुठाय?"

"कुठला, तो काळाकुट्ट?" तूदाने फडताळाकडे बोट केलं. "बघ आता. रमजान चार दिवसांवर आलाय आणि असलं भांडं घरात? राख-लिंबू लावून तासभर घासला, तेव्हा कुठे पितळ दिसलं."

इद्दर मटकन खाली बसला. चित्रपटातल्या राजाचा अस्सल पेला फडताळावर कालच बाजारातून आणल्यासारखा चमकत होता. दोनशे वर्षांचं काळेपण आईने एका सकाळीत धुऊन टाकलं होतं.

राजाच्या प्रसंगांचं चित्रीकरण आता दोन ठिकाणी एकदम व्हायचं होतं, म्हणून हुबेहूब दुसरा पेला हवा होता. नमुन्याला अस्सल देऊन स्टुडिओवाल्यांनी इद्दरला ते काम घरी करायला सांगितलं. मोरोक्कोतल्या वार्झाझातच्या त्या स्टुडिओत सहा वर्षं त्याने नुसत्या पेट्या वाहिल्या होत्या. त्याच्या हातात कसब आहे, हे पहिल्यांदाच कुणाला तरी पटलं होतं.

"फार बिघडलं का रे?"

"नोकरी गेली, यम्मा."

तूदाचा हात तोंडावर गेला.

त्याने बनवलेला पेला अंगणातल्या खड्ड्यात होता. जुना दिसावा म्हणून आठ दिवस मिठात आणि गाढवाच्या लिदीत पुरलेला. त्याने तो उकरला, पुसला, दोन्ही पेले एका फडक्यात बांधले आणि खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून निघाला.

स्टुडिओत सामानाची सगळी जबाबदारी मादाम ओदीलकडे होती. तिने गाठोडं सोडलं. काळा पेला उचलून उन्हात फिरवून पाहिला आणि जपून कापसाच्या पेटीत ठेवला. मग लखलखीत पेला हातात घेतला.

"इद्दर, अरे, हे काय?"

"मादाम, मी सांगतो. त्याचं असं झालं..."

"थांब. घडण उत्तम आहे, ठोका न् ठोका जुळलाय. पण हा नवा आहे हे आंधळाही सांगेल! अस्सल बघ कसा दिसतो. ते म्हातारपण कुणाच्या हाताने यायचं नाही, मला माहीत आहे. तरी याला जरा काळा कर. परवा आण."

इद्दरने पेटीतल्या आपल्या पेल्याकडे पाहिलं. पाठ करून आणलेलं वाक्य त्याने गिळून टाकलं.

"आणतो, मादाम," तो म्हणाला. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून त्याने छाती भरून श्वास घेतला. सकाळपासून पहिल्यांदाच.

तूदा उंबऱ्यातच बसली होती. "गेली नोकरी?"

"नाही गं! माझाच अस्सल म्हणून ठेवून घेतला. आणि तू घासलेला परत पाठवलाय, नक्कल जमली नाही म्हणून!" बोलता बोलता त्याला इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "परवापर्यंत काळा करून द्यायचाय."

"हम्दुलिल्लाह!" तूदाने दोन्ही हात आकाशाकडे केले आणि त्याच हातांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "आण इकडे. मी उजळला, मीच काळा करते."

तिने चुलीतली काजळी वाटीत खरवडून घेतली, वर तेल सोडलं, बोटं बुडवली. पण पेल्याला बोट लावणार तोच थबकली.

"आधी दार लाव," ती हळूच म्हणाली. "रमजानच्या तोंडावर भांडं काळं करताना शेजारच्या इज्जाने पाहिलं तर जन्मभर ऐकवेल."