रेषेपासून दूर

"माझी परीक्षा घ्याच, सर," सुगंती वळवीने पुन्हा तेच म्हटलं.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या शिरगुप्पे सरांनी चष्मा टेबलावर आपटला. "अगं, विद्यापीठाने परीक्षा केव्हाच बंद केल्या. शाळा, गाव, आईवडिलांचं शिक्षण, एवढ्यावरून संगणकातलं मॉडेल आधीच्या मुलांच्या माहितीवर रेषा आखून गुण काढतं. तुला शंभरात छत्तीस दिलेत. त्यात मी काय करू?"

"पण आमच्या पाड्यावरून एम.एस्सी.ला आजवर कुणी आलंच नाही. म्हणजे मॉडेलने माहिती संपली तिथून पुढे रेषा नुसती ओढली. तसं करू नये, हे तुम्हीच शिकवलंत."

सर आणखीच वैतागले. त्यांनी फळ्यावर एक किचकट गणित घातलं. तिने सोडवलं. त्याहून किचकट घातलं. तेही सुटलं. शेवटी सरांनी संगणकावर छत्तीस खोडून ब्याण्णव भरले.

"झालं समाधान? आता जा बाई, मला दुसरी कामं आहेत."

ती दाराशी पोचते न पोचते तोच पडद्यावर सूचना उमटली. सरांनी ती कपाळाला आठ्या घालत मोठ्याने वाचली. "सुगंती वळवी हा बिंदू रेषेपासून फार दूर असल्यामुळे विद्यापीठातून वगळण्यात आला आहे. मॉडेलची अचूकता वाढली आहे. अभिनंदन."

बाहेर पडायला सुगंतीने दाराला ओळखपत्र लावलं. दार उघडलं नाही. तिने पुन्हा लावून पाहिलं, मग ती सरांकडे वळली.

"दूरचा बिंदू सरळ काढून टाकायचा, हेही तुम्हीच शिकवलंत, सर."