नावाडी जेवायला गेलाय

“कुठवर आलो होतो आपण?” हरिहररावांनी विचारलं.

“नदीपाशी,” उल्का म्हणाली. “कासाराची मुलगी बांगड्यांची टोपली घेऊन काठावर उभी आहे आणि नावाडी जेवायला गेलाय.”

“अजून जेवतोच आहे?”

“बाबा, तो परवापासून जेवतोय.”

हरिहरराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. युट्रेख्ट या डच शहरातली ऑफिसं सुटली होती, सायकलींची रांग कालव्याच्या पुलावरून घराकडे निघाली होती. हीटर चालू होता, तरी उल्काने लोकरीची टोपी कानांवर ओढून घेतली.

साताऱ्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेला हा माणूस. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट हवाच, म्हणून त्यांनी पोरांना पिढ्यान्‌पिढ्या छळलं होतं. पोटच्या पोरीलाही सोडलं नव्हतं. उल्काच्या कथा दिवाळी अंकांत छापून यायला लागल्या, तरी तिने कौतुकाने पाठवलेला अंक लाल शाईत ‘शेवट?’ एवढाच शेरा घेऊन परत यायचा. उल्काचं म्हणणं, गोष्ट मध्येच सुटली म्हणून काय बिघडलं? आपलं तरी सगळं कुठे नीट संपतं? यावरून बापलेकीत महिनोन्‌महिने अबोला झाला होता.

आणि आता त्याच हरिहररावांना एका साध्या कहाणीचा शेवट सापडत नव्हता.

कहाणी उल्काच्या आईची, जयंतीबाईंची. श्रावणात त्या ती सांगायच्या. मुठीत अक्षता धरून ऐकायची आणि संपेपर्यंत जागचं उठायचं नाही, असा त्यांचा दंडक. लहानपणी उल्का एकदा मध्येच उठली, तर त्यांनी दंडाला धरून तिला पुन्हा पाटावर बसवलं होतं. शेवटाच्या आधी तिला हमखास झोप लागायची, त्यामुळे तो तिला कधी नीट कळलाच नाही. जयंतीबाई गेल्या आणि कहाणी पुरती ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं.

मार्चमध्ये उल्काने वडिलांना इथे बोलावून घेतलं. नोकरीवर रजा तिने आधीच टाकली होती. इथल्या घरांचा जिना शिडीसारखा उभा, म्हणून तिच्या नवऱ्याने, गंधारने, भाड्याचा पलंग आणून खाली हॉलमध्ये खिडकीशी लावला. घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. केलेला भात तसाच उरायचा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ही कहाणी चालली होती. मुलीला नदीपलीकडे जायचं असायचं आणि रोज काहीतरी आडवं यायचं. कधी पूर यायचा, कधी नावेचा दोर तुटायचा, कधी टोपलीतल्या बांगड्या फुटायच्या आणि मुलगी नव्या आणायला घरी परतायची.

हरिहरराव तोंड धुवायला आत गेले, तेवढ्यात गंधारने विचारलं, “बाबांना खरंच आठवत नाहीये का?”

“वय झालं त्यांचं. टोकू नकोस.”

“पण उद्या डॉक्टर येतायत. त्यांना नीट कळलंय ना?”

“तूच सांग परत एकदा. मला नाही जमत.”

हरिहरराव परत येऊन बसल्यावर गंधारने त्यांना सांगितलं. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. उद्या दुपारी डॉक्टर येतील. इंजेक्शन देतील, मग औषध चालू राहील. झोप लागेल. दुखणार नाही. त्या झोपेतून जाग मात्र येणार नाही.

“तुमची तयारी आहे ना, बाबा?”

“माझ्या तयारीला कोण विचारतंय?” हरिहरराव म्हणाले. गंधार पाठ फिरवून उगीच पडदे सारखे करत राहिला.

“बाबा,” उल्का म्हणाली, “आज शेवट सांगा. मला हवाय.”

“तुला कधीपासून शेवट लागायला लागले?”

“सांगा ना.”

हरिहररावांनी कपाळ चोळलं. “नाही गं आठवत.”

“बरं, राहू दे. शेवट नसला तरी गोष्ट असतेच.”

“असते,” हरिहरराव म्हणाले.

जन्मभराचं भांडण असं मिटलं. उल्काला जिंकल्याचं काही वाटलं नाही. तिला नुसतं रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई सायकलवरून आल्या. ओला रेनकोट त्यांनी दाराशी टांगला आणि हरिहररावांचा हात बराच वेळ हातांत धरून ठेवला. गंधारने बटण दाबून पलंगाची उशाकडची बाजू वर केली. मग पुडीतल्या अक्षता उल्काच्या मुठीत दिल्या.

“त्यांना सांग, कहाणी चालू आहे,” हरिहरराव गंधारला म्हणाले. “जरा थांबा म्हणावं.”

गंधारने डचमध्ये सांगितलं. डॉक्टरीणबाई थांबल्या.

नावाडी जेवून उठला. त्याने हात धुतले, नाव सोडली. मुलगी टोपली मांडीवर घेऊन बसली. वारा चांगला होता. नदी अर्धी सरली, आणि पलीकडच्या काठावर मुलीला तिची आई दिसली. ती केव्हाची वाट बघत उभी होती.

हरिहरराव थांबले. घरात पावसाचा तेवढा आवाज होता. डॉक्टरीणबाईंनी गंधारकडे पाहिलं, गंधारने मान हलवली. हरिहरराव खुर्चीवरून उठून बाजूला झाले. डॉक्टरीणबाई तिथे बसल्या आणि त्यांनी पलंगावरच्या उल्काची बाही वर सारली.

“अक्षता आहेत ना मुठीत?” हरिहररावांनी विचारलं.

“आहेत, बाबा.”

“मग संपेपर्यंत उठायचं नाही,” ते म्हणाले, आणि अर्ध्या नदीत आलेली नाव त्यांनी पुन्हा मागे वळवली.