पुसायला चढलेली

त्या मिझो गावच्या चर्चमध्ये बाईनं बोलायचं ते खाली, जमिनीवर उभं राहून. व्यासपीठ आणि त्यावरचा माइक पुरुषांचा. आज मनोगताची पाळी पी रोथांगीची, म्हणजे रोथांगीबाईंची होती. तिचं नाव पुकारताना मंडळीचे उपा, म्हणजे वडीलधारे, लियांकिमा यांचा हात लागून पेला कलंडला आणि व्यासपीठभर पाणी झालं.

"पी, आधी वर येऊन तेवढं पुसता का? मग खालून बोला."

दर शनिवारी व्यासपीठ पुसायची तीच. फडकं घेऊन ती तीन पायऱ्या चढली, कानाकोपरा पुसला, फडकं घडी करून कमरेला खोचलं आणि काखेतलं बायबल तिथंच उघडलं.

"पी, खाली!" उपा दबक्या आवाजात म्हणाले.

"बावीस वर्षं पुसायला चढतेय, तेव्हा नाही कुणी खाली म्हणालं," ती माइकमध्येच म्हणाली. "आज बोलूनच उतरेन."

उपा तिला अडवायला पुढ्यात येऊन उभे राहिले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून त्यांची म्हातारी आई कडाडली, "किमा, हो बाजूला! जन्मात पहिल्यांदा बाईचं बोलणं इथवर ऐकू येतंय."