सोबत: मूळ अर्ज

अकरा दिवस फिरून तो कागद पुन्हा पोलीस ठाण्यातच आला होता, आणि आता करुणा त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. ‘वृद्ध महिलेस घरात डांबून ठेवल्याबाबत’ एवढाच विषय, ना नाव ना गाव. खाली ‘सोबत: मूळ अर्ज’ असं लिहिलेलं, आणि सोबत काहीच नाही.

अर्ज कुणीतरी निनावी केडगावला देऊन गेलं होतं. म्हातारी भीमा नदीपल्याडची, म्हणून तिकडच्या पोलिसांनी तो इकडे पाठवला. इकडच्यांनी पंचायत समितीला कळवलं, पंचायत समितीने आरोग्य केंद्राला, आणि आरोग्य केंद्राने करुणाच्या महिला समुपदेशन केंद्राला. पत्रं सगळ्यांनी पाठवली, अर्ज मात्र जागचा हलला नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर घरं पाच होती.

करुणाच्या जिवाला चैन नव्हती. एप्रिलचं ऊन, त्यात पत्र्याचं घर असलं तर म्हातारी आत भाजून मरायची. तिने सगळ्यांना फोन करकरून आज ठाण्यात एका टेबलाशी आणून बसवलं. पंचायत समितीचा ज्ञानेश म्हणाला, घरगुती भानगडीत समिती पडत नाही. नर्स मोनिकाला आधी म्हातारी आजारी असल्याचं लेखी हवं होतं. हवालदार मल्हारला तक्रारदार समोर हवा होता, आणि बोलणारी तर कुलपाच्या आत.

करुणाने रागाने पेन काढायला पर्स उपसली. किल्ल्यांचा जुडगा खाली पडला, तो ज्ञानेशने उचलून दिला.

“एक दिवस तिच्या जागी बसून बघा,” ती म्हणाली. “माझ्या घरीबी सासू हाय. त्यांच्या काय ध्यानात ऱ्हात न्हाई, कुठंबी चालू लागत्यात. पण आम्ही जपतोच ना? आन् ही माणसं जित्या जिवाला कोंडून घालत्यात.”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मल्हार उठला, कपाटाच्या तळातून अर्ज शोधून काढला, वाचला आणि घडी करून खिशात टाकला.

“मांडवगण फराट्याचं हाय,” तो म्हणाला. “खाली नुसतं ‘एक शेजारी’ लिवलंय, पण घराची खूण दिलीय. चला.”

करुणाला बरंच वाटलं. मांडवगण तिचंच गाव. काम उरकून परस्पर घरी जाता येणार होतं. सासूबाईंना चारला चहा लागायचा.

जीपमध्ये मागे बसून ती मान खाली घालून अहवाल लिहीत राहिली. ‘सून शिकलेली व नोकरदार असूनही वृद्धेस दिवसभर कुलूपबंद ठेवते. तिच्यावर गुन्हा दाखल व्हावा.’ नावाची जागा तेवढी कोरी सोडली.

जीप थांबली. मल्हार उतरून पुढे गेला. दाराला आतून कुणीतरी थापा मारत होतं, सावकाश, दमल्यासारख्या.

“मॅडम, कुलूप हाय,” मल्हारने हाक मारली. “तोडावं लागंल.”

करुणाने मान वर केली.

“तोडू नका,” ती म्हणाली, आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागली.