दुखऱ्या जागा

“इथं?” डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर अंगठा दाबला.

“दुखतंय,” मुलगी म्हणाली.

“आणि इथं?”

“तिथंही.”

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. पिशवी मनगटातच अडकवलेली. ती सोबतीला आली नव्हती, लक्ष ठेवायला आली होती. मुलगी टपाल छाननीच्या कामावर होती. चार महिन्यांत तिच्या सतरा रजा झाल्या, तेव्हा साहेबांनी बजावलं, डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर राजीनामा द्या. आईच्या मते दोन्हींची गरज नव्हती. अंग झटकून कामाला लागलं की झालं. तिनं स्वतः बेकरीत एकतीस वर्षं ट्रे उचलले होते. लहानपणी मुलगी मिठी मारायला धावली की ती म्हणायची, “लांब हो, कामं पडलीत.”

“रिपोर्ट तर सगळे चांगले आलेत,” आई म्हणाली. “मग दुखतं कुठून?”

“रिपोर्टात दिसत नाही, पण दुखणं खरं असतं. हिच्या नसा साध्या दाबालाही दुखणं समजतात. झोप मोडली, काळजी लागली की आणखी वाढतं. पण म्हणून ते मनाचे खेळ नाहीत.”

मुलीचे डोळे भरून आले. याआधी चार डॉक्टर झाले होते. असं कुणी म्हणालं नव्हतं.

“सकाळी कसं वाटतं?”

“अंग ठेचून काढल्यासारखं. उठायलाच अर्धा तास जातो. केस विंचरले तरी दुखतं.”

“हिला पहिल्यापासून कौतुक लागतं,” आई म्हणाली.

“आई, तू बाहेर बस ना जरा.”

“बसते. पण आधी बोलू दे.” आई डॉक्टरीणबाईंकडे वळली. “अहो, सकाळी अंग ठेचल्यासारखं होणारच. मला पंचविशीपासून होतंय. भिंत धरून उठायचं, गरम पाण्यात बोटं बुडवून मोकळी करायची, की निघालं कामावर. सगळं जग असंच उठतं. कुणी बोभाटा करतं का त्याचा?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

मुलगी आईकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “सगळं जग असं नाही उठत, आई.”

आईनं दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“म्हणजे?” तिनं विचारलं. “बाकीच्यांचं दुखत नाही?”