चार लोकांत न्यायची माती

मॅडमनी द्वारकाबाईंची पुरचुंडी सोडून माती कागदावर पसरली, तर तिच्यातून उदबत्तीच्या काडीचं जळकं टोक निघालं.

“मावशी, ही शेतातली माती?” कृषी केंद्राच्या मॅडमनी विचारलं. देवळात प्रशिक्षणाला बसलेल्या बायका खुदुखुदू हसल्या. तपासणीसाठी प्रत्येकीने आपापल्या शेतातली माती आणायची, असं मागच्याच वर्गात ठरलं होतं.

द्वारकाबाईंचा चेहरा पडला. “तुळशीतली हाय,” त्या पुटपुटल्या. “चाळून आणली. चार लोकांत न्यायची, म्हटलं जरा बरी दिसावी.”

मॅडम हसल्या नाहीत. “दुखणं झाकून डॉक्टरकडे गेलं, तर औषध कसं मिळायचं हो?”

दिरांनी वाटणीत दिलेला खारवट तुकडा द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढे आला. नवऱ्यामागे जे पदरात पडलं ते बाईनं मुकाट घेतलं, असं गाव अजून बोलायचं. ती माती कुणाला दाखवायची त्यांना लाज वाटत होती. तरी घरून निघताना राहवलं नव्हतं, तीही बरोबर घेतली होती. त्यांनी पिशवीच्या तळातून दुसरी पुरचुंडी काढली आणि सगळ्यांसमोर सोडली. माती मिठासारखी पांढरी पडली होती.

“ही माझी,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी ती ओंजळीत घेतली. “हिला इलाज आहे, मावशी.”

देवळातलं हसू कधीच थांबलं होतं. मागच्या रांगेतली एक उठली आणि टेबलावरची आपली पुरचुंडी तिने हळूच उचलली. “मॅडम, माझी उद्या आणली तर चालंल का?”

बघता बघता मॅडमचं टेबल रिकामं झालं.